मनमाड स्टेशन आणि आपली माणसं

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की विहार कसा उभा राहिला, वर्गणी कशी जमली, कुणी विटा वाहिल्या, कुणी जागेसाठी खेटे घातले हे सारे तिच्यात येते, आणि ते आलेच पाहिजे. पण आपण या वस्तीत आलो कसे, कोणत्या वाटेने आलो, हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा या भागांतून पोटासाठी मुंबईच्या बाजूला आलेल्या घरांतल्या जुन्या माणसांना विचारा. त्यांच्या बोलण्यात एक नाव हमखास येते, ते म्हणजे मनमाड. कुणी तिथे छोटी गाडी सोडून मोठी धरली, कुणी रात्रभर फलाटावर बोचकी उशाला घेऊन पडून राहिले. म्हणून आम्ही या वेळी मनमाड स्टेशनवर लिहायचे ठरवले. आम्ही गिरणीतली माणसं. इतिहासाची पदवी आमच्यापाशी नाही. पण जे वाचले, जुन्या माणसांकडून ऐकले आणि पारखून घेतले, ते आपल्या मुलाबाळांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

स्टेशन उभे राहिले ते असे

मनमाड हे नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यातले गाव. जवळच अंकाई-टंकाईचे किल्ले, भोवती उघडे डोंगर, पाऊस कमी आणि पाण्याची टंचाई कायमची. अशा गावाला मोठे केले ते रेल्वेने.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, आपल्या लोकांच्या तोंडी जी.आय.पी. तिने पुढे कल्याणहून थळ घाट फोडायला घेतला. घाटातली लाइन १८६५ साली सुरू झाली आणि मुंबई नाशिक-खानदेशाला जोडली गेली. घाटाच्या वरची लाइनही १८६० च्या त्याच दशकात पडली. तिच्यावरचे मनमाड हे तेव्हा एक साधे स्टेशन होते. इंग्रजांना ही घाई कशाची होती? वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या भल्यासाठी कुणी रेल्वे आणली नव्हती, हे आधी पक्के ध्यानात ठेवावे.

पुढे १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. दख्खनची गावे ओस पडली, माणसे झाडपाला खाऊन जगली. त्या दुष्काळात धोंड ते मनमाड, म्हणजे आजच्या दौंडहून नगर, कोपरगाव, येवला करीत मनमाडला येणाऱ्या लाइनचे मातीकाम चालू होते आणि त्यावर दुष्काळी मजूर लावले होते. १८७८ साली ती लाइन सुरू झाली आणि मनमाडचे जंक्शन झाले. आज नगरहून मनमाडला येताना गाडी ज्या भरावावरून धडधडत येते, तो भराव भुकेल्या माणसांनी पाट्या वाहून घातलेला आहे. त्यांत बाया होत्या, पोरे होती. त्यांची नावे कुठल्या दगडावर नाहीत.

तिसरी वाट पूर्वेची. मनमाडच्या पलीकडे निजामाचे राज्य सुरू व्हायचे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादकडे जाणारी लाइन पडली. तिला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणत. ही लाइन मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची. जी.आय.पी.ची लाइन ब्रॉड गेजची. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालेना. म्हणून मराठवाड्यातून येणारी कापसाची प्रत्येक गाठ, धान्याचे प्रत्येक पोते मनमाडला एका वाघिणीतून उतरवायचे आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायचे. कुणाच्या पाठीवरून? हमालांच्या. मुंबईच्या गिरण्यांत ज्या कापसाचे सूत निघाले, त्यातल्या कित्येक गाठी मनमाडच्या हमालाच्या पाठीवरून आलेल्या होत्या. गिरणी कामगार आणि रेल्वे कामगार यांचे नाते असे पाठीचे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाडला जी.आय.पी.चे इंजिनिअरिंग वर्कशॉप उभे राहिले. पुलांचे गर्डर आणि लाइनीचे सामान तिथे तयार होऊ लागले. लोकोशेड, यार्ड, वर्कशॉप आणि मालधक्का यांच्या भोवती कामगारांच्या चाळी वाढल्या. शेतीवर ज्याचे भागत नव्हते असा भोवतालच्या खेड्यांतला माणूस मनमाडची वाट धरू लागला. त्यात आपली माणसं पुढे होती. कारण गावात आपल्या वाट्याला होते काय? वेठबिगार, येसकरकी, मेलेले ढोर ओढणे आणि दारोदार भाकर मागणे. पलटणीची वाट होती, तीही सरकारने १८९० च्या दशकात महारांना बंद केली. मग राहिली गिरणी, गोदी आणि रेल्वे. तिथे महिन्याला रोख पगार होता आणि पाटलाचा हुकूम नव्हता. रेल्वेने आपल्याला गावकुसाबाहेरून थेट जगात नेले, हे नाकारून चालणार नाही.

मसूरचा धडा

पण रेल्वेत जात नव्हती असे कुणी म्हणत असेल, तर त्याला आधी मसूर स्टेशनवर नेले पाहिजे. मसूर हे सातारा जिल्ह्यात, पुणे-मिरज लाइनवर आहे. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलाबरोबर सुभेदार रामजींकडे गोरेगावला निघाला होता. रामजी तिथे तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरे मसूरला उतरली. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर टोप्या. घ्यायला कुणी आलेले नाही. स्टेशन मास्तरने आधी मायेने चौकशी केली. पण पोरांच्या तोंडून महार हा शब्द निघाला मात्र, त्याचा चेहराच पालटला आणि तो मागे सरकला. भाडे द्यायला पैसे असूनही एकही गाडीवान पोरांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही असे, की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. रात्री वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ह्यात आम्हाला एक गोष्ट फार मोठी वाटते. तिकीट काढताना जात विचारली नाही, डब्यात बसताना विचारली नाही. विचारली ती स्टेशनवर उतरल्यावर. म्हणजे रूळ लोखंडाचा होता, पण स्टेशन गावाचेच होते. त्या काळी स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळे आणि मुसलमान पाणी वेगळे असे. आपल्या माणसाने ओंजळ पुढे करायची आणि वरून कुणी ओतले तर प्यायचे.

गँगमनच्या वर चढायचे नाही

प्रवाशाची ही गत, तर नोकराची काय असेल? रेल्वेत आपली माणसं भरपूर होती, पण होती कुठे? बहुतेक सगळी गँगमध्ये. गँगमन म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावे लागते. एका गँगकडे लाइनीचा ठरावीक तुकडा. पहार, फावडे, टिकाव घेऊन खडी भरायची, स्लीपर बदलायचे, रूळ सरळ ठेवायचा. त्यांच्यातला चावीवाला हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतली लाइन चालत तपासायचा. सैल झालेली चावी ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो. हजारो उतारू झोपेत सुखरूप पोहोचत, ते ह्या माणसाच्या पायांवर आणि डोळ्यांवर.

आणि ह्या माणसाला बढती? साधा पोर्टर व्हायचीही सोय नव्हती. का? तर स्टेशनवरचा पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करायचा. पाणी भरायचे, बाजार आणायचा. मास्तर सवर्ण असेल तर त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल? म्हणून पोर्टरची जागाच नाही. वर्कशॉपात आपला माणूस खलाशी, कुली म्हणून लागायचा आणि कुली म्हणूनच उतरायचा. मेकॅनिक, मिस्त्री होणे त्याच्या नशिबी नव्हते. कारकुनाच्या जागा तर ओळखीपाळखीवर भरल्या जात, मॅट्रिक नापासही तिथे बसत. आपला शिकलेला पोर मात्र दारात उभा.

गिरणीत तरी काय वेगळे होते? चांगला पगार साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होता. तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण सांगत ते असे, की धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, मग अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा हाती घेईल? म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या सूत काढायच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ह्याच प्रश्नावर बोट ठेवले होते. रेल्वेतला पोर्टर आणि गिरणीतला साचेवाला, दोन्ही दारे एकाच कडीने बंद होती.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८

ही कडी वाजवली गेली ती मनमाडला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मनमाडच का? तीन दिशांच्या लाइनी तिथे मिळतात, वर्कशॉप तिथे, कामगारांच्या वस्त्या तिथे. आणि नाशिक जिल्हा हा चळवळीचा तापलेला जिल्हा होता. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाडांसारखा कार्यकर्ता ह्याच जिल्ह्यातला. १३ ऑक्टोबर १९३५ ला हिंदू म्हणून मरणार नाही ही गर्जना झाली ती येवल्याला, आणि येवला हे मनमाड-दौंड लाइनवरचेच स्टेशन. म्हणजे जमीन नांगरून तयार होती.

ह्या परिषदेचे वेगळेपण बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितले. आजवर आपण अस्पृश्य म्हणून जमत आलो आणि सामाजिक गाऱ्हाणी मांडत आलो. कामगार म्हणून, आपल्या पोटाच्या प्रश्नासाठी आपण जमतो आहोत ते आता. त्यांनी पोर्टरचा प्रश्न, वर्कशॉपचा प्रश्न, कारकुनांच्या भरतीचा प्रश्न एकेक करून मांडला. वर दिलेली गाऱ्हाणी ही त्या भाषणातलीच आहेत. आणि मग सांगितले, की ह्या देशातल्या कामगाराला दोन शत्रूंशी झुंजायचे आहे, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, असा खुलासाही त्यांनी केला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्या जातींत भिनलेली आहे. आज पुष्कळ लोक अर्धे वाक्य पाठ करतात आणि खुलासा गाळतात. दोन्ही लक्षात ठेवले पाहिजे.

परिषदेवर टीका झाली की वेगळी परिषद भरवून कामगारांत फूट पाडता. ह्याला त्यांचे उत्तर सरळ होते. फूट कोण पाडतो? वरची जागा अडवून बसणारा की जागा मागणारा? कामगार एक व्हावेत असे वाटत असेल तर आधी एका कामगाराने दुसऱ्याला खाली दाबणे बंद केले पाहिजे. युनियनचे पुढारी ह्या अन्यायावर तोंड उघडत नव्हते, तेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि तरीही बाबासाहेब कामगार एकीच्या विरुद्ध होते काय? मुळीच नाही. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. मनमाडला हक्क मागणारा माणूस आणि मुंबईत एकीने लढणारा माणूस एकच होता.

मसूरच्या फलाटावर गाडीवान मिळेना म्हणून ताटकळलेले पोर सदतीस वर्षांनी मनमाडला रेल्वे कामगारांचा नेता म्हणून उभे राहिले. आम्हाला विचाराल तर महाराष्ट्रातल्या रेल्वेचा खरा इतिहास ह्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे.

मनमाडवरून गेलेल्या वाटा

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. पुढे घटनेने त्याला पाया दिला आणि अस्पृश्यता हा गुन्हा ठरला. ज्या खात्यात आपला माणूस पोर्टर होऊ शकत नव्हता, त्या खात्यात आपल्या घरांतले गार्ड झाले, तिकीट तपासनीस झाले, स्टेशन मास्तर झाले. मसूरच्या मास्तरच्या खुर्चीत आपला पोर बसला. हे कुणाच्या दयेने झालेले नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात सरहद्दीच्या अलीकडच्या गावांतून चळवळीची केंद्रे चालली, त्यांत मनमाडही होते. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मुंबईहून तिकडे जायची रेल्वेची वाट मनमाडवरूनच. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात, १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत, मुंबई-नाशिकचे किती कार्यकर्ते मनमाडला उतरून छोट्या गाडीत चढले असतील त्याचा हिशेब नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या दीक्षेला मुंबईहून गेलेली माणसं ह्याच लाइनीने गेली. आणि दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारे विदर्भ-मराठवाड्यातले लाखो पाय मनमाडवरूनच पुढे सरकतात.

जी.आय.पी. आणि निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत एक झाल्या. पुढे १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि मराठवाड्याची लाइन तिच्याकडे गेली. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि मनमाडचा माणूस सकाळी निघून मुंबईत काम करून रात्री घरी परतू लागला. १९९० च्या दशकात मराठवाड्याचा रूळ रुंद झाला. आता नांदेडची गाडी न बदलता मुंबईला येते. फलाटावर बोचके उशाला घेऊन पडायची पाळी संपली, हे चांगलेच झाले.

आज काय?

पण म्हणून सगळे संपले असे नाही. रेल्वेतली कितीतरी कामे आता कंत्राटावर गेली. झाडलोट, डबे धुणे, सामान उचलणे ह्या कामांना ठेकेदाराचा माणूस. ठेकेदाराच्या माणसाला राखीव जागा नाही, बढती नाही, पेन्शन नाही. लाइनीवरची घाण हाताने उचलायचे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले, हे सांगायला नको. २०१३ साली त्याविरुद्ध कायदा झाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, डब्यांना नवे संडास बसले. तरी झाडू कुणाच्या हातात आहे ते कोणत्याही फलाटावर जाऊन बघा. १९३८ साली आपला माणूस वर चढू नये म्हणून अडवत होते. आज चढायची शिडीच काढून घेतली जात आहे.

आणि गँगमन? त्याचे नाव ट्रॅकमन झाले, पण लाइन अजून त्याच्याच पायाखाली आहे. १३ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे मनमाडच्या अलीकडे लासलगावजवळ लाइनीवर काम करणारे चार ट्रॅकमन टॉवर वॅगनखाली सापडून मेले. तारीख बघा. मनमाडच्या परिषदेचा दुसरा दिवसही १३ फेब्रुवारीच होता. त्या चौघांच्या जाती आम्हाला विचारायच्या नाहीत. लाइनीवर मरणारा माणूस आपला आहे, हेच तर मनमाडने शिकवले.

शेवटी वस्तीतल्या घरांना एक विनंती. स्टेशनच्या इतिहासात कंपन्यांची नावे येतात, इंजिनिअरांची येतात, निजामाचे येते. भराव घालणाऱ्याचे, गाठी वाहणाऱ्याचे, चावी ठोकणाऱ्याचे येत नाही. आपल्या घरात आजोबा-पणजोबा रेल्वेत होते काय? त्यांचा पितळी बिल्ला, नोकरीचे पुस्तक, जुना पास, एखादा फोटो ट्रंकेत पडून असेल तर तो भंगारात घालू नका. विहारात आणा. त्यांचे नाव, गाव, गँग, किती वर्षे नोकरी केली, कुठल्या पदावर लागले आणि कुठल्या पदावर उतरले, हे एका वहीत लिहून ठेवू. लिहिता येणाऱ्या पोरांनी म्हाताऱ्यांजवळ बसावे. जे लिहिले जात नाही ते घडलेच नाही असे उद्या कुणी म्हणेल, आणि आपल्या हाती उत्तर नसेल.

जयभीम! नमो बुद्धाय!